सामानासकट मिळालेलं बिऱ्हाड

गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी ग्रंथपाल काकूंचा फोन आला. "अरे, कॉम्प्युटरवर पाटी आलीये, याला आता आधार मिळणार नाही म्हणे. म्हणजे उद्यापासून हा सुरूच होणार नाही का?"

आमच्या मंडळाचं वाचनालय तसं लहानच. इंदूरच्या जुन्या वस्तीत दोन खोल्या, साडेसहा हजार पुस्तकं, दोन कॉम्प्युटर आणि एक जाडजूड नोंदवही. पाटी खरी होती. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्या देणं थांबवलं. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत घेता येते, तेवढंच. कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण त्यात नवं भोक सापडलं तर ते बुजवायला कोणी येत नाही. विंडोज ११ टाकावं, तर त्याला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि आमचा सहाव्या पिढीतला. सिल्व्हर मॉलमधल्या दुकानदाराने डब्याकडे बघितलं आणि म्हणाला, "भिया, अब इसको विदा करो."

मग कार्यकारिणीच्या सभेत, सुपर कॉरिडॉरवर नोकरी करणाऱ्या कुणाच्या तरी भाच्याने सुचवलं: यावर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाका आणि एक व्हर्च्युअल सर्व्हर अप्लायन्स चढवा. सचिव काकांनी विचारलं, "अप्लायन्स? म्हणजे मिक्सरसारखं?"

सगळे हसले. पण काकांचा प्रश्न बरोबर होता. हा शब्दच असा आहे की वाटावं, पिन खोचली, बटण दाबलं, चटणी तयार. ते काम माझ्याकडे आलं आणि पुढचे दोन महिने मी या शब्दाची किंमत मोजली. ती तुम्हाला मोजावी लागू नये म्हणून हे सगळं मांडतोय.

एक वाडा, अनेक बिऱ्हाडं

आपला नेहमीचा कॉम्प्युटर म्हणजे एका कुटुंबाचा बंगला. एकच विंडोज किंवा एकच लिनक्स, सगळ्या खोल्यांवर त्याचाच ताबा. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी कॉम्प्युटर, ही वाड्याची पद्धत झाली. एकाच वाड्यात चार बिऱ्हाडं. प्रत्येकाचं स्वयंपाकघर वेगळं, दार वेगळं, कुलूप वेगळं. विहीर मात्र एकच आणि कुणाला किती पाणी हे वाडामालक ठरवतो. त्या मालकाचं नाव हायपरव्हायजर. आतल्या बिऱ्हाडाला वाटतं की हा प्रोसेसर, ही मेमरी, ही डिस्क आपलीच. खरं तर मालक मोजून देत असतो. आमच्या कॉम्प्युटरची मेमरी ८ जीबी, त्यातली ४ मी आतल्या बिऱ्हाडाला दिली.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० जाहीर केलं ते याच धर्तीचं, अवाढव्य मशीनसाठी. साध्या पीसीवर ती १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने आणली. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय केली, तेव्हापासून काम सोपं होऊ लागलं. ती सोय पुष्कळ कॉम्प्युटरमध्ये बंद करून ठेवलेली असते. आमच्याही होती. व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत हायपरव्हायजर टाकलं, तर यादीत फक्त ३२-बिटची, म्हणजे जुन्या धाटणीची मशीनं दिसायला लागली! अर्धा तास मी सॉफ्टवेअरला दोष देत बसलो. शेवटी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ मांडणीत जाऊन एक खिट्टी सरकवली आणि ६४-बिटची मशीनं हजर.

डॉकर नावाचा आणखी एक प्रकार कानावर आला असेल. तिथे स्वयंपाकघर सामाईक असतं आणि प्रत्येकाचे डबे तेवढे वेगळे. आटोपशीर आहे, पण आजच्या विषयात ते नको.

मग अप्लायन्स म्हणजे काय?

रिकामं बिऱ्हाड भाड्याने घेतलं, तर चूल, भांडी, पाट, सगळं आपण आणायचं. कॉम्प्युटरच्या भाषेत: आधी ऑपरेटिंग सिस्टीम टाका, मग वेब सर्व्हर (ब्राउझरला पानं पुरवणारा), मग डेटाबेस (नोंदींचं कोठार). अप्लायन्स म्हणजे सामानासकट बिऱ्हाड. कुणीतरी आधीच राहून, सगळं मांडून, त्या अवस्थेची नक्कल काढून ठेवलेली. आपण ती उतरवून घ्यायची आणि आपल्या वाड्यात बसवायची.

ही नक्कल बहुधा ओव्हीए नावाच्या एका फाइलमध्ये येते. ते खरं तर गाठोडं आहे. सोडलं की आत एक यादी मिळते (किती प्रोसेसर, किती मेमरी, नेटवर्क कसं), डिस्कची फाइल मिळते आणि बऱ्याचदा एक चिठ्ठी, जिच्यात प्रत्येक फाइलचा हाताचा ठसा असतो. यादीची पद्धत ठरलेली असल्यामुळे एकच गाठोडं व्हर्च्युअलबॉक्समध्येही सुटतं आणि बहुतेक वेळा व्हीएमवेअरमध्येही.

ठशाला चेकसम म्हणतात. देणारी मंडळी आपल्या पानावर ६४ अक्षरांची एक ओळ छापतात. आपण उतरवलेल्या फाइलवरून तशीच ओळ काढायची आणि ताडून बघायची. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं, तरी ओळ पार वेगळी येते. माझी पहिली फाइल जुळली नाही. रात्री नेट मधेच तुटलं होतं आणि फाइल अर्धवट आली होती. ताडून बघितलं नसतं, तर आठवडाभर भुतं शोधत बसलो असतो.

मी घेतलं ते टर्नकी लिनक्सचं 'कोअर' नावाचं गाठोडं. हा प्रकल्प २००८ पासून अशी तयार बिऱ्हाडं मोफत देतो; आता ती डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारावर आधारलेली असतात. कोअर म्हणजे त्यातलं सगळ्यात साधं: चूल आहे, नळ आहे, भांडी आपली.

"सामान तयार आहे, तर इन्स्टॉल काय करायचं उरलं?"

आम्हाला हवं होतं कोहा. ग्रंथालयांसाठीचं हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या भागातल्या ग्रंथालयांसाठी लिहिलं गेलं. त्यांची जुनी यंत्रणा सन २००० ची तारीख पचवू शकणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये काम सुरू झालं आणि जानेवारी २००० मध्ये ते चालू झालं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आहेर. मुदत संपलेल्या यंत्रणेपायी नवं शोधायला निघालेली दोन ग्रंथालयं, एक तिकडचं आणि एक आमचं. मला ही गंमत आवडली.

कोहाला एकट्याने राहता येत नाही. त्याला वेब सर्व्हर लागतो, डेटाबेस लागतो, शोधासाठी झेब्रा नावाचा एक वेगळा कारकून लागतो आणि पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली ढीगभर फुटकळ सामग्री. हे हाताने जमवायचं म्हटलं, तर महिना जाईल. पण डेबियनमध्ये सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येतं. यादीत फक्त 'पुरणपोळी' लिहायचं, की डाळ, गूळ, जायफळ, कणीक दुकानदार आपणहून बांधतो. तुम्ही सांगायचं इतकंच, की माल कोणत्या दुकानातून आणायचा (कोहाचं स्वतःचं दुकान आहे) आणि दुकानाचा शिक्का कोणता मानायचा. त्यानंतर एक आज्ञा, वीसेक मिनिटं, आणि कोहा घरात. इथवर अप्लायन्सने शब्द पाळला.

पुढे कोहा प्रश्न विचारू लागतं. सभासदांचे प्रकार किती? पुस्तक किती दिवसांसाठी? एका वेळी किती? दंड काय? मी चहा घेत पटापट आकडे भरले आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी मला धारेवर धरलं. "दिवाळी अंक पंधरा दिवस? अरे, एका अंकामागे दहाजण रांगेत असतात!" तो सात दिवसच हवा, कादंबरी पंधरा, आणि संदर्भग्रंथ तर घरी द्यायचेच नाहीत. कॉन्फिगरेशन म्हणजे हेच: आपल्या घरची रीत यंत्राला सांगणं. तो रकाना कॉम्प्युटरवाल्याने एकट्याने भरू नये.

देवनागरीचा घोळ वेगळाच. झेब्राची मूळ मांडणी रोमन लिपी धरून केलेली, त्यामुळे मराठी शीर्षकं शोधताना मात्रा-वेलांट्यांवर ती अडखळते. त्यासाठी आयसीयू नावाची दुसरी मांडणी चालू करून सगळ्या पुस्तकांची सूची नव्याने बांधून घ्यावी लागते. हे करेपर्यंत काकूंचं मत 'नोंदवहीच बरी' असं होतं आणि ते चूक नव्हतं.

आधी कुलूप बदला

सामानासकट बिऱ्हाड घेतलं, तर किल्ली आधीच्या माणसाकडेही असू शकते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कॉम्प्युटरबाबत मात्र विसरतो. कित्येक अप्लायन्सचा पहिला पासवर्ड त्यांच्या माहितीच्या पानावर उघड छापलेला असतो. तुम्ही वाचलात, तसा साऱ्या जगाने वाचलेला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने लाखो कॅमेरे आणि तत्सम उपकरणं काबीज केली, ती अशाच कारखान्यातून आलेल्या साठेक पासवर्डांची यादी एकामागून एक वापरून. हुशारी काही नव्हती. लोकांनी कुलूप बदललं नव्हतं, इतकंच.

टर्नकीवाले पहिल्यांदा सुरू होतानाच नवा पासवर्ड विचारतात, हे चांगलं. तरी आपण पाहावं, की पासवर्ड एकच असतो असं नाही: सिस्टीमचा एक, डेटाबेसचा एक, कोहाच्या प्रशासकाचा एक. शिवाय कारभारासाठीचं मागचं दार असतं. टर्नकीत ते वेबमिन, १२३२१ क्रमांकाच्या पोर्टवर. वाचनालयाबाहेरून ते कुणाला दिसायचं कारण नाही.

साडेपाच तास मागे चालणारं घड्याळ

आता माझी फजिती. वाचनालय संध्याकाळी ५ ते ८.३० उघडं असतं आणि कॉम्प्युटरही तेवढाच वेळ चालतो. मी ठरवलं, रोज रात्री ८ वाजता आपोआप बॅकअप निघेल. लावलं आणि विसरलो. तीन आठवड्यांनी बॅकअपचा फोल्डर उघडला, तर तो ठणठणीत रिकामा.

चूक कुठेच दिसेना. मग काकू म्हणाल्या, "ते सोड, पण हे बघ ना, मी सव्वासहाला दिलेलं पुस्तक हा पावणेएकला दिलं म्हणतो." तिथे ट्यूब पेटली. अप्लायन्स जगभरच्या लोकांसाठी बनतात, म्हणून त्यांचं घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक वेळेवर असतं. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आतल्या बिऱ्हाडात रात्रीचे ८ वाजायचे, तेव्हा इंदुरात मध्यरात्रीचा दीड झालेला असायचा आणि कॉम्प्युटर कधीचा बंद. बॅकअपची वेळ आमच्याकडे कधी येतच नव्हती.

वेळेचा विभाग 'एशिया/कोलकाता' करून, सगळ्या सेवा एकदा बंद-चालू केल्यावर हे सुटलं. सेवा बंद-चालू करणं विसरू नका, नाहीतर काही मंडळी जुन्याच घड्याळावर चालत राहतात. घड्याळाचा मुद्दा सरकारी पातळीवरही क्षुल्लक मानत नाहीत. सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या आदेशात संस्था-कंपन्यांनी आपल्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवून ठेवावीत, असं सांगितलंय. कारण उघड आहे. उद्या घुसखोरी झाली, तर कोण केव्हा आलं हे नोंदींवरूनच कळणार. त्या नोंदी साडेपाच तास चुकलेल्या असतील, तर तपास कसा होणार?

पोस्टमन नेमका कुठे येतो?

कोहा चालू झालं, तरी शेजारच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडेना. कारण पत्ता. बिऱ्हाडाला पत्ता दोन तऱ्हांनी मिळतो. पहिली तऱ्हा नॅट: टपाल सगळं वाडामालकाच्या नावे. आतून बाहेर पत्र धाडता येतं, पण बाहेरच्याला आतलं बिऱ्हाड आहे हेच ठाऊक नसतं. दुसरी तऱ्हा ब्रिज्ड: बिऱ्हाडाच्या दारावर स्वतःचा घरक्रमांक. अप्लायन्स सहसा पहिल्या तऱ्हेने सुरू होतं आणि आम्हाला दुसरी हवी होती.

बदलली आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर पुस्तकसूची उघडली. चार दिवस आनंदात गेले. मग वीज गेली, राउटर बंद-चालू झाला आणि त्याने आमच्या बिऱ्हाडाला नवाच क्रमांक दिला. काकूंनी जपून ठेवलेला दुवा मेला. राउटरमध्ये जाऊन तो क्रमांक त्या बिऱ्हाडासाठी कायम राखून ठेवावा लागतो. काम दोन मिनिटांचं, पण ते करायचं असतं हे कुणी सांगत नाही.

वीज गेल्यावरची एक गोष्ट भिंतीवर कागद चिकटवून ठेवली आहे: आधी बिऱ्हाड बंद, मग वाडा. यूपीएस दहा मिनिटं देतो. तेवढ्यात आतलं मशीन नीट बंद केलं नाही, तर डेटाबेस अर्ध्या वाक्यात तुटतो.

आणि डिस्क. आत ४० जीबीची दिसते, बाहेर बघावं तर फाइल ४-५ जीबीची. फसवणूक नाही. चाळीस पानांचं आवतण दिलंय, सध्या जेवायला पाच आलेत. पण चाळीसही येऊ शकतात, आणि बाहेरच्या डिस्कवर तेव्हा जागा नसेल तर आतलं मशीन जागच्या जागी थांबतं. आवतणं देताना कोठार बघून घ्यावं.

"स्नॅपशॉट आहे ना, मग बॅकअप कशाला?"

हा प्रश्न भाच्याने विचारला आणि मलाही तो आधी पडला होता. स्नॅपशॉट म्हणजे मशीनची त्या क्षणाची थिजवलेली अवस्था. काही बिघडलं, तर एका बटणावर तिथे परत. भन्नाट सोय. मी एका शनिवारी रात्री स्नॅपशॉट घेतला आणि सगळं अपडेट केलं. मंगळवारी संध्याकाळी लक्षात आलं की शोध चालत नाही. मशीन शनिवारवर नेलं, दोन मिनिटांत सारं ठीक, स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

बुधवारी एक आजी पुस्तक परत करायला आल्या. कॉम्प्युटर म्हणे, हे पुस्तक तर कपाटातच आहे, कुणी नेलेलंच नाही. मशीन शनिवारवर गेलं, म्हणजे रविवार-सोमवार-मंगळवारच्या देवघेवीही गेल्या. काकूंनी नोंदवही बंद केली नव्हती म्हणून वाचलो. एकतीस नोंदी मी त्यांच्या शेजारी बसून पुन्हा भरल्या, आणि त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

शिवाय स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की दोघं गेले. म्हणून डेटाबेसची नक्कल रोज बिऱ्हाडाबाहेर, एका वेगळ्या हार्ड डिस्कवर जाते आणि आठवड्यातून एकदा ती माझ्या घरी येते. घरी मी तेच गाठोडं पुन्हा उतरवून, रिकाम्या मशीनवर ती नक्कल भरून बघतो की पुस्तकं दिसतात का. एरवी बॅकअप तपासायला दुसरा सर्व्हर आणा, मग तो मांडा. इथे लॅपटॉपवर दुपारी अर्ध्या तासात होतं. अप्लायन्सचा खरा फायदा मला इथे पटला.

"एवढ्या उपद्व्यापापेक्षा क्लाउड का नको?"

ज्यांना सूची घरबसल्या लोकांना दाखवायची आहे, त्यांनी खुशाल क्लाउड घ्यावा. तोही वाडाच आहे, फक्त मालक लांबचा आणि भाडं दरमहा. आमचं नेट दिवसाआड रुसतं आणि मंडळाची वर्गणी ठरलेली. पण हेही लक्षात घ्या, की कुलूप, घड्याळ, बॅकअप यांतलं काहीच तिथे आपोआप टळत नाही.

"आत नवं लिनक्स आहे, मग खाली विंडोज १० राहिलं तर बिघडलं कुठे?"

हा सचिव काकांचा आग्रह, कारण त्यांची पत्रं त्याच कॉम्प्युटरवर टाइप होत. बिघडतं ते असं: बिऱ्हाडाला कितीही कुलपं लावा, वाड्याच्या मालकाकडे सगळ्या भिंतींची चावी असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये खंडणीखोरांनी व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय हे हायपरव्हायजर चालवणारे जगभरातले हजारो सर्व्हर गाठले. आतल्या एकेका मशीनशी ते झुंजत बसले नाहीत, थेट मालकावर गेले आणि सगळ्या बिऱ्हाडांच्या डिस्का कुलूपबंद केल्या. ज्या भोकातून त्यातल्या बऱ्याच ठिकाणी शिरकाव झाला असं मानतात, ते बुजवणारी दुरुस्ती फेब्रुवारी २०२१ पासून उपलब्ध होती.

म्हणून आम्ही विंडोज काढून खालीसुद्धा डेबियन टाकलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालय उघडण्याआधी मी आधी बाहेर बॅकअप काढतो, मग आतलं अपडेट, मग बाहेरचं. त्या कॉम्प्युटरवर दुसरं कुठलंही काम करायचं नाही, ब्राउझिंगही नाही, असं ठरलंय. काकांची पत्रं आता कोपऱ्यातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाइप होतात. त्याच्या कीबोर्डचा 'ळ' नीट उमटत नाही, आणि दर सभेत काका ती तक्रार माझ्या नावे इतिवृत्तात घालून घेतात.